रुमालाची गाठ

सगुणाचं अंग उतरायला लागलं ते आधी तिच्या हातांवर दिसलं. मनगटात रुतून बसणाऱ्या हिरव्या बांगड्या मासळी साफ करताना घसरून तळहातावर यायला लागल्या आणि त्यांचा आवाज व्हायला लागला. सगुणाच्या बांगड्यांना आवाज असतो हे दामाजीला इतक्या वर्षांच्या संसारात ठाऊक नव्हतं. तो ओट्यावर जाळं सांधत बसला होता. आवाज कानावर आला तशी त्याने मान वर केली, आणि हातातली सुई तशीच राहिली. असा आवाज त्या घरात त्याने एकदाच ऐकला होता. त्याच्या आईच्या हातांत, ती जायच्या आधी.

दामाजीची आई जनाबाई म्हणजे ठाण्याच्या त्या कोळीवाड्याचा दिमाख. बाजारात ती बसली की दोघींची जागा जायची, पण सरक म्हणायची छाती कुणाची नव्हती. लग्नात हळद लावायला पहिला मान तिचा. घर खाऊनपिऊन आहे हे घरच्या बाईच्या दंडावरून ओळखायचं, अशी तिथली रीत होती, आणि जनाबाईच्या दंडात वाक्या मावत नसत. अशी बाई एका वर्षात सुकली. उन्हात टाकलेला बोंबील सुकावा तशी, दिसामाजी. सारखं पाणी मागायची. हंडा तोंडाला लावला तरी तहान जाईना. मागल्या दारी, ती लघवीला बसायची त्या दगडांवर मुंग्यांची रांग लागायची. त्या पाहून शेजारणी तोंडाला पदर लावून मागे सरायच्या. खाडीवर भर दुपारी तिने काहीतरी ओलांडलं, आणि आता ते तिला आतून खातंय, असं भगताने सांगितलं. गेलेलं अंग भरून काढा म्हणाला. घरच्यांनी भरून काढलं. गूळ, नारळीभात, शिरा, खीर. सून सगुणा स्वतःच्या हाताने घास भरवायची. मग कालवाच्या शिंपीने जनाबाईच्या पायाला चीर पडली. ती दुखली नाही, म्हणून कुणी पाहिली नाही. पाय काळा पडला. शेवटच्या दिवशीही ती एवढंच म्हणत होती, "दामा, पानी दे रं."

त्याला दहा वर्षं झाली होती. आता एक्याण्णव साल होतं.

सगुणाही सासूसारखीच भरलेली. लेक कलावती दिवा गावात दिलेली, घरात दोघंच. पावसाळ्यात सगुणाच्या पाठीवर गळू झालं ते दिवाळी आली तरी मिटेना, तेव्हा ती एकटीच उठून कोपरीतल्या कांताबाई डॉक्टरणीकडे गेली. डॉक्टरीणबाईंनी तिची लघवी काचेच्या नळीत निळ्या औषधात घालून दिव्यावर तापवली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि मग पक्कं विटकरी.

"सगुणाबाई, तुम्हाला साखर आहे. मधुमेह."

मग त्यांनी तिला काट्यावर उभं केलं. सगुणा जन्मभर मासळी वाट्याने विकत आली होती. काट्याशी तिचा संबंध नव्हता. सुई इतकी लांब पळाली की तिला हसू आलं.

"बाई, हिला मेलीला आवरा, भिंतीतून भायेर जाईल."

डॉक्टरीणबाईही हसल्या, पण मग खुर्ची जवळ ओढून बसल्या. "हे वजन आणि ही साखर मिळून तुमच्या हृदयाला, मूत्रपिंडाला, डोळ्यांना, पायांना त्रास देणार. गोळ्या मी देते. वजन तुम्ही उतरवायचं. हळूहळू. भात अर्धा करा, गोड बंद करा, आणि रोज चाला. टोपली डोक्यावर नको. नुसतं चालायचं."

"नुसतं? येड्यासारखं?"

"येड्यासारखं."

सगुणाने ते मनावर घेतलं. पायांचं नाव निघालं म्हणून घेतलं. सासूचा पाय शेवटी तिनेच धुतला होता. पहाटे बाजार लावून झाला की ती कोपरीच्या बारा बंगला वस्तीपर्यंत नुसती चालत जायची आणि परत यायची. तिथल्या बागेत फिरायला येणारे पेन्शनर बाबू या काष्ट्याच्या लुगड्यातल्या कोळणीकडे वळून पाहायचे. "काय बगतंस, मावरं नाय आनलं आज," असं ती त्यांना सुनवायची. गळू बसलं. धाप कमी झाली. निळं औषध आता हिरव्यावरच थांबू लागलं.

आणि बांगड्या वाजू लागल्या.

कोळीवाड्यात बोलणं सुरू झालं. शेजारची चंद्रभागा दामाजीला नळावर गाठून म्हणाली, "दामादादा, रागवू नकोस. पन तुझी आयस बसली सगुणेवर. मी जनाबायचे हात पायलेत. तेच हात."

"डॉक्टरनीनं सांगितलंय तिला."

"डॉक्टरीन कोपरीची. तिला काय म्हायती आपल्या खाडीतलं?"

दामाजी घरी आला आणि हंड्यावरचं झाकण काढून पाणी प्याला. सकाळी काठोकाठ भरलेला हंडा होता. दुपार व्हायच्या आत तळ दिसत होता. घरात माणसं दोन, आणि सगुणा सकाळपासून बाजारात. आपण येता-जाता किती तांबे प्यालो ते त्याच्या लक्षात नव्हतं. त्याला एवढंच दिसलं की आई होती तेव्हाही हंडा असाच रिकामा व्हायचा.

त्यानंतर त्याला आवाज यायला लागला. अंधारात नव्हे, भर उजेडात. ओहोटीला खाडीचं पाणी मागे गेलेलं, चिखल उन्हात चमकतोय, कंपन्यांच्या पाण्याचा तो उग्र वास, वाऱ्याचं नाव नाही, आणि तो होडीत एकटा. अशा वेळी अगदी कानाशी, "दामा, पानी दे रं." त्याचा घसा तत्क्षणी कोरडा पडायचा. तो होडीतली कळशी तोंडाला लावायचा आणि संपवायचा. आईच्या वाटचं आपण पितोय असं त्याला वाटायचं. मग होडीच्या कडेला उभा राहून तो खाडीतच मोकळा व्हायचा. खाडीवरचा माणूस त्यासाठी कधी घर गाठत नाही. भरती येते आणि सगळं घेऊन जाते.

तो स्वतः काठीसारखा. तरुणपणापासून तसाच. म्हणून त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही. त्यानेही नाही. बाईच्या चोळ्या असतात, बांगड्या असतात, त्या सैल झाल्या की बोलतात. दामाजीचा सगळा पेहराव म्हणजे कमरेला बांधलेला त्रिकोणी रुमाल आणि वर बनियन. रुमाल म्हणजे एक फडकं. कंबर जेवढी असेल तेवढ्यावर त्याची गाठ बसते. गाठ रोज थोडी आत सरकत गेली तरी रुमाल काही सैल होत नाही.

सगुणा एकदा म्हणाली होती, "अवो, तुमी पन सुकलाव. गालाची हाडं वर आली."

"तुझ्या काळजीनं," तो म्हणाला. आणि ते त्याला खरंच वाटत होतं.

शेवटी तो सीताराम भगताकडे गेला. जनाबाईला ज्याने पाहिलं होतं त्याचाच हा मुलगा. भगताने तांदळाचे दाणे टाकले आणि एकेक दाणा बोटाने सरकवून पाहिला. मग म्हणाला, "म्हातारी उपाशी गेली. तहानेली गेली. आता सुनेच्या अंगातून वसूल करतेय. दर अमावास्येला दुपारी खाडीवर तिला नारळीभाताचा मान दे. आणि उरलेला सगुणेला खायला घाल. पोटभर. जेवढं अंग गेलं तेवढं परत आलं पायजे, नायतर ती ऱ्हात नाय."

अमावास्येला दामाजीने चंद्रभागेकडून नारळीभात करून घेतला. गुळाने पिवळाधमक झालेला, वर खोबरं. केळीच्या पानावर आईचा मान खाडीच्या काठी ठेवला आणि टोप घेऊन घरी आला. सगुणा नुकतीच बाजारातून आली होती, पाय धूत होती. बोटांच्या मधून फडकं फिरवून ती पाय नीट पुसत होती, कारण डॉक्टरीणबाईंनी तसं सांगितलं होतं.

"खा," तो म्हणाला.

तिने टोपात पाहिलं. "कोनी सांगितलं?"

"सीतारामनं. आयसचा मान हाय. खा गो, सगुणे. नाय म्हनू नकोस."

"मना गोड बंद हाय."

"दोन घास तरी!"

"दोन घास तुमच्या आयसला पन दिले व्हते." तिचा आवाज चढला नाही, पण हातातलं फडकं खाली पडलं. "या हातानं. तिचं तोंड फिरायचं तरी मी भरवायची. तुमी पाट दाबून धरायचाव. काय परत आलं तिचं? अंग आलं? पाय आला?"

"तवा उशीर झाला व्हता."

"मंग मी येळेवर गेले डॉक्टरनीकडं. आज सकाळीच बगा. मी बारा बंगल्यापावेतो गेले, धाप लागली नाय. आयस चार पावलं चालायची नाय. मी सुकत नाय हो, मी उतरतेय. मीच उतरवतेय."

"आयस पन पयली उतरलीच!" दामाजी ओरडला. मग ओट्यावर मटकन बसला आणि डोळ्यांवर हात घेतला. "तू पन गेलीस तर मी काय करू, सांग."

सगुणा त्याच्याजवळ येऊन बसली. भांडण तिथे संपायला हवं होतं, पण चंद्रभागा दारात उभी होती, आणि तिच्यासमोर रडलेलं दामाजीला खपणार नव्हतं. तो म्हणाला, "आयसच्या दगडावर मुंग्या व्हत्या. विसरलीस?"

"नाय विसरले. मी रोज पानी टाकायची त्यांवर."

"तेच खरं लक्षान. त्या तुझ्या मागं आल्या की..."

"आल्या की मना दाखवा," सगुणा म्हणाली. "ज्या दिवशी मुंग्या दाखवाल, त्या दिवशी हा टोप मी एकटी खाईन. तोवर मना भरवाचा नाय. चंद्रभागे, तू पन ऐक."

मानाचं अन्न टाकत नाहीत आणि घराबाहेर देत नाहीत. तो टोप दामाजीने एकट्याने संपवला. पुढच्या अमावास्येचाही. त्यापुढचाही. खाल्ल्यावर त्याला एवढी तहान लागायची की आई समोर येऊन बसलीय असं वाटायचं.

आता तो रोज सकाळी मागल्या दारच्या मोरीपाशी उकिडवा बसून दगड न्याहाळू लागला. पोरं हसायची. चंद्रभागेचा नवरा पलीकडून म्हणायचा, "काय दामा, मोरीत जिताडा गळाला लागला काय?" दामाजीची नजर दगडांवरून हलायची नाही. दगड ओले असायचे, शेवाळलेले असायचे, एखादी गोम निघायची. मुंगी नाही. एकही नाही. त्याला हायसं वाटायला हवं होतं. पण त्याला वाटायचं, त्या कुठेतरी वाट बघतायत.

चैत्रात होडीत फटींतून पाणी शिरायला लागलं, म्हणून त्याने ती चार गड्यांकडून वर ओढून घेतली, भरतीची रेघ सोडून खूप वर, जिथे जमीन कोरडी पडून तडकलेली असते. मग रोज दिवसभर तो एकटा तिथे. फळ्यांच्या फटीतला जुना कापूस काढायचा, नवा ठोकून बसवायचा, वर तेल लावायचं. ऊन मी म्हणत होतं. कळशी दोनदा भरून आणली तरी पुरायची नाही. आणि दर थोड्या वेळाने उठून होडीच्या मागल्या अंगाला जायचं. पाणी लांब होतं, तिथवर चालवत नव्हतं. पिंढऱ्यांत गोळे यायचे.

त्या दुपारी आवाज फार स्पष्ट आला. "दामा." हातोडी थांबली. कोरड्या चिखलावर कुणी नव्हतं. लांब रेतीचा एक मचवा चिखलात रुतून पडला होता.

"आये," तो पहिल्यांदाच उलट बोलला, "आता ऱ्हा ना गप. कळशी रिकामी झाली."

तो उठून होडीच्या मागे गेला, आणि उभा राहिला.

होडीच्या पोटाखालून काळी रांग निघाली होती. तडकलेल्या जमिनीच्या भेगेभेगेतून, वळत, न तुटता. दहा वर्षांपूर्वीची तीच रांग. ती त्याच्या पायांपुढे येऊन एका डागावर पसरली होती, आणि तो डाग मुंग्यांनी इतका भरला होता की जमीन हलतेय असं दिसत होतं.

आई इथवर आली, हे त्याच्या मनात पहिलं आलं. सगुणा कधी इकडे आली होती का, हे दुसरं. तो आठवू लागला. सगुणा होडीकडे फिरकलीही नव्हती. ही जागा कुणाची? त्याने आजूबाजूला पाहिलं. होडी त्याची. हातोडी त्याची. कोरड्या जमिनीवर येण्या-जाण्याची पायवाट पडली होती, तीही त्याच्याच पावलांची. त्या पावलांपैकी डाव्याच्या प्रत्येक ठशात टाचेपाशी एक ओला काळपट ठिपका होता.

त्याने होडीला टेकून डावा पाय वर घेतला. टाचेत शिंपीचा तुकडा होता. आत गेलेला, कडा पांढऱ्या पडलेल्या. कधी घुसला? त्याने बोटाने दाबून पाहिला. काहीच दुखलं नाही. दुसऱ्या कुणाचा पाय हातात धरावा तसं वाटलं.

ऊन तसंच होतं, पण त्याला थंडी वाजली. आईचा आवाज आला नाही. त्याला मात्र आता कळत होतं की इतके महिने जी तहान तो आईची म्हणून पीत होता, ती त्याच्याच घशात होती.

तो लंगडत घरी आला. सगुणा सुकट निवडत होती.

"मुंग्या आल्या," तो म्हणाला.

ती उठली. तिचा चेहरा उतरला, पण तिने विचारलं, "कुठं?"

"होडीमागं."

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, मग गालांच्या हाडांकडे, मग कमरेकडे. रुमालाचं टोक केवढं तरी लांब लोंबत होतं. असं कधी नसे. तिने त्याला ओट्यावर बसवलं आणि डावा पाय मांडीवर घेतला. टाच बघून तिने डोळे मिटले. बांगड्या वाजल्या. मग म्हणाली, "वास नाय येत. अजून काळा नाय पडला. उठा."

"आता? संध्याकाळी जाऊ."

"आयसच्या येळी पन संध्याकाळी जाऊ म्हनलो व्हतो आपन. उठा."

कोपरीच्या दवाखान्यात निळं औषध तापलं. हिरवं, पिवळं हे मधले थांबेच त्याने घेतले नाहीत. थेट विटकरी झालं. डॉक्टरीणबाईंनी त्याला काट्यावर उभं केलं, सुई पाहिली, आणि पुन्हा त्याच्याकडे पाहिलं.

"दामाजी, वर्षभरात किती बारीक झालात?"

"मी बारीकच हाय बाई. बारीक मानसाला कशी साखर?"

"बारीक माणसालाही होते. तुमच्या बायकोचं वजन उतरलं ते चालून, खाणं आवरून. ते तिच्या भल्याचं. तुमचं उतरलं नाही, तुमचं आजाराने खाल्लं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं." त्या पायाशी वाकल्या. "घरात आधी कुणाला होता हा आजार?"

दामाजी सगुणाकडे बघू लागला. सगुणाने मान खाली घातली. तिच्या हातांनी पदराचं टोक चुरगळून टाकलं होतं.

"आयसला," तो म्हणाला. "आयसला व्हता."

इतक्या वर्षांत त्या घरात कुणी असं म्हटलं नव्हतं.

टाच वाचली, पण विष पुढे बोटांपर्यंत गेलं होतं, पायाची करंगळी गेली. मोठ्या इस्पितळात पाऊसभर फेऱ्या झाल्या. आधी इंजेक्शनं, मग गोळ्या. अंगात थोडा जीव आला. भगताचा मान बंद झाला. चंद्रभागा एकदा टोप घेऊन दारात आली तेव्हा सगुणाने तिला आत बसवलं आणि विचारलं, "तुझी लघवी कवा दाखवलीस गो?" चंद्रभागा लाजली, शिव्या देत गेली, आणि पुढच्या आठवड्यात कोपरीला जाऊन आली.

पाऊस सरल्यावर दामाजी पहिल्यांदा होडीत बसला. पायात आता रबरी बूट. ओहोटीची दुपार होती. चिखल चमकत होता. तो वाट बघत होता, आणि आवाज आला. पूर्वीपेक्षा लांबून, पण आला. "दामा, पानी दे रं."

त्याचा घसा कोरडा पडला नाही. त्याने कळशी उचलली, तोंडाला न लावता होडीच्या कडेवरून हळूहळू खाडीत ओतली.

"आये," तो म्हणाला, "तुना साखर व्हती गो. आमाला ठाव नव्हतं. आमी तुना गूळ भरवला."

पाण्यावर बुडबुडे आले आणि गेले. तिने ऐकलं की नाही, कोण सांगणार. त्या दिवशी पुन्हा आवाज आला नाही. पुढेही कधी आला नाही असं मात्र नाही.

आता रोज सकाळी तो रुमाल बांधतो तेव्हा सगुणा समोर उभी राहते. रुमालाच्या कडेला, जिथे गाठ यायला हवी तिथे, तिने लाल दोऱ्याचे चार टाके घातलेत. गाठ त्या खुणेवर आली की ती टोपली उचलते आणि बाजाराला जाते. गाठ आत सरकली तर रुमालाने आता तरी सांगावं, म्हणून. दामाजी दोन्ही टोकं ओढतो, आणि पीळ बसेपर्यंत खाली बघत नाही.